कुंबलंगी नाइट्स: सगळ्यांना आवडला, मलाच का नाही पोचला?

झोपाळू_मांजर

आधीच सांगते, हा मल्याळम सिनेमा आहे आणि खाली त्याचे स्पॉयलर आहेत, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा. आणि दगड मारायचेच असतील तर छोटे मारा.

गेली कित्येक वर्षं जो भेटेल तो विचारतोय, "काय?? तू अजून कुंबलंगी नाइट्स नाही बघितलास??" आणि चेहरा असा की जणू मी काही गुन्हाच केलाय. शेवटी परवा रात्री लावला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला कारण मल्याळम कळत नाही, सबटायटल चुकलं की संपलं. सव्वादोन तास इमानदारीत बघितला. संपला. आणि मी तशीच बसून राहिले, भारावून बिरावून नाही हां, "बरं, मग?" अशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोचीजवळच्या कुंबलंगी गावात पाण्याच्या काठावर एक अर्धवट बांधलेलं घर, प्लास्टर नाही, दार नाही. त्यात भाऊ राहतात. सजी सगळ्यात मोठा, काम करत नाही, इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एका तमिळ मित्राच्या जिवावर जगतो. बॉबी, तोही रिकामटेकडा. बॉनी बोलू शकत नाही आणि तो शहाणा, वेगळाच राहतो. धाकटा फ्रँकी हॉस्टेलवर, सुट्टीत घरी येतो, आणि मित्रांनी घरी येऊ नये म्हणून घरात कांजिण्या आल्यात अशी थाप मारतो. चौघांचे आईबाप सगळे तेच नाहीत, बाप वारलाय, आई घर सोडून देवाधर्माच्या मार्गाला लागलीये.

आता सांगा, हा सेटअप किती भारी आहे! फ्रँकी स्वतःच आपल्या घराला पंचायतीतलं सगळ्यात भिकार घर म्हणतो तिथे मी सावरून बसले, म्हटलं आता मजा येणार. पहिला तासभर मी तक्रार केली नाही. स्लो आहे, चालेल, मला स्लो चालतो, उलट आवडतो. पण स्लो सिनेमा माझ्याशी एक सौदा करतो ना, की बाई तू बस, घाई करू नकोस, ही माणसं हळूहळू बदलणार आहेत आणि ते तुला डोळ्यासमोर दिसणार आहे. मी बसले. आणि मग काय झालं तर सजी एकदा डॉक्टरकडे जाऊन रडला, बॉबीला बेबी नावाच्या मुलीशी प्रेम झालं, आणि पुढे ते घर एकदम घर झालेलं. अरे कधी झालं? मी तर इथेच होते!

आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तर वेगळाच पिच्चर. बेबीचा चक्रम दाजी शम्मी (फहाद फासिल) घरातल्या बायकांना बांधून ठेवतो, भाऊ येतात, मारामारी, जाळं टाकून पकडतात. टाळ्या. पण भावांचं काय झालं? त्यांच्यात जे इतकी वर्षं तुंबलं होतं ते कुठे गेलं?

वाईट आहे असं म्हणतच नाहीये मी. फोटोग्राफी सुंदर, अभिनय एक नंबर. पण आत काही हललं नाही. तुम्हाला काय दिसलं जे मला नाही दिसलं, ते खरंच सांगा. "तुला कळला नाही" हे सोडून.

गोधडी

आई गं, मला वाटलं मी एकटीच. मी तर दोन बैठकीत बघितला, पहिल्यांदा चक्क झोप लागली. हे कुठे बोलायची सोय नाही, लगेच "तुम्हाला मसाला लागतो" म्हणतात.

तिसरी_घंटा

तुला कळला नाही.

(गंमत केली. रात्री सविस्तर लिहितो.)

उगाच_आपलं

मला फहाद फासिल आवडला. बाकी भाऊ कोण कोणता हे अर्धा तास कळत नव्हतं, सगळ्यांना दाढी.

झोपाळू_मांजर

@उगाच_आपलं फ्रँकीला कुठे दाढी आहे 😄 पण हाच तर माझा मुद्दा बघ, सिनेमा भावांचा आणि लक्षात राहिला दाजी. फहादला केरळ सरकारचा पुरस्कारही मिळाला ह्या रोलसाठी, आणि काम जबरीच आहे त्याचं, वाद नाही. ती सुरुवात, आरशावर चिकटवलेली टिकली ब्लेडने खरवडून काढतो आणि मग स्वतःच्या मिशीवर खूश होतो, एका मिनिटात माणूस कळतो. असा एक मिनिट सजी-बॉबीला का नाही दिला?

तिसरी_घंटा

हां, आता बसलो.

पहिलं म्हणजे ही टीम कोणती ते बघ. लेखक श्याम पुष्करन, दिग्दर्शक मधू सी. नारायणन ज्याचा हा पहिलाच सिनेमा, कॅमेरा शायजू खालिद, संगीत सुशिन श्याम. ही मंडळी माणसाला बोलून दाखवू देत नाहीत. म्हणजे आपल्याकडे भाऊ भावाला मिठी मारतो आणि मागे व्हायोलिन वाजतं तसलं काही त्यांना करायचंच नाहीये. तू जे "कधी झालं?" विचारतेस ना, ते संवादात नाही, घरात झालंय. त्या घराकडे बघ फक्त. सुरुवातीला तिथे चार पुरुष नुसते पडलेले असतात, कोण कुठे झोपतो, कोण कधी येतो, कुणाला पडलेली नाही. मग त्या घरात तान्हं मूल घेऊन सती येते, सजीच्या त्या तमिळ मित्राची बायको. एक विधवा बाई आणि बाळ आलं म्हटल्यावर हे चौघं आपोआप माणसांत यायला लागतात, त्यांना कुणी भाषण देत नाही. नंतर बॉनीची परदेशी मैत्रीण नायला येते, तीही तिथेच राहते. म्हणजे बिनदाराचं घर, ज्याची फ्रँकीला लाज वाटायची, तेच आता ज्यांना कुठे जागा नाही त्यांची जागा होतं. आणि समोर शम्मीचं घर, नीटनेटकं, दारं-खिडक्या शाबूत, आणि आत बायकांचा श्वास कोंडलेला. हे मला पुरलं. पुरून उरलं.

दुसरं, शम्मी हा वेगळा पिच्चर नाही. उद्या लिहितो, बायको लाइट बंद कर म्हणतेय.

गोधडी

घराचा मुद्दा चांगला आहे. पण तान्ह्या बाळाला घेऊन बाई आली आणि पुरुष सुधारले हे जरा जास्तच सोयीचं नाही का? तिने काय केलं? तिचा नवरा ह्या सजीला वाचवताना गेला. आणि ती त्याच्याच घरी राहायला येते. माझ्या डोक्यात त्यानंतर सिनेमाभर तीच होती. तिला राग येत नाही? रात्री झोप लागते? ह्याच्याबद्दल सिनेमा फारसा बोलतच नाही, कारण ती यायची गरज सिनेमाला भावांसाठी आहे, तिच्यासाठी नाही.

झोपाळू_मांजर

@गोधडी हे हे हे!! मला हे शब्दात पकडता येत नव्हतं. इथे खरा स्लो सिनेमा होता. सजी आणि सती एका छपराखाली. रोज सकाळी तोंड बघायचं. त्याच्यासमोर मी पूर्ण दोन तास बसले असते. पण तो भाग पटकन आटोपला आणि वेळ कुठे गेला तर बॉबी आणि बेबीच्या लव्हस्टोरीत.

(अ‍ॅना बेनचा, म्हणजे बेबीचं काम करणारीचा, हा पहिला सिनेमा हे मला नंतर कळलं, खोटं वाटलं, इतकी सहज आहे ती. लव्हस्टोरी गोड आहे, पण गोडच.)

माडाचं_पान

मी इथे वाचनमात्र असते पण ह्या धाग्यावर बोलावंच लागेल, कारण वहिनी मल्याळी आहे आणि तिच्याशेजारी बसून बघितलाय. सबटायटलमधे निम्मा सिनेमा गळतो हो. सगळ्यात मोठी गळती म्हणजे हाका.

मल्याळममधे मोठ्या भावाला चेट्टन म्हणतात, हाक मारताना चेट्टा. आपल्या दादासारखं. आता बॉबी सजीला सरळ नावाने हाक मारतो, "सजी". इंग्रजी सबटायटलमधे ते नुसतं सजी असंच येतं, आणि इंग्रजीत भाऊ भावाला नावानेच हाक मारतो, त्यामुळे वाचणाऱ्याला काही वाटतच नाही. पण ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून कळतं की ह्या घरात कुणी कुणाला मोठं मानत नाही. आपल्याकडे दहा वर्षांनी मोठ्या भावाला कोणी "ए सुरेश" म्हणालं तर कसं वाटेल, तसं. वहिनी तिथेच म्हणाली, बघ कसं घर आहे ते.

आणि मग तो जेवणाच्या टेबलावरचा सीन. शम्मी बेबीला "एडी-पोडी" करतो, म्हणजे अगदीच तुच्छ, "ए, चल गं" टाइप. आणि वर मी हिचा मोठा भाऊच आहे असा आव. तेव्हा त्याची बायको सिमी, जी तोवर सगळं गिळत आलेली असते, ती तोंड उघडते, की तू कुठल्याही टाइपचा चेट्टन अस, माझ्या बहिणीशी नीट बोलायचं. थेटरात तिथे शिट्ट्या पडल्या असतील. सबटायटलमधे ते वाक्य सपाट होतं.

तिसरी_घंटा

माडाचं_पान, तुम्ही माझं काम केलंत, मी नेमका ह्याच सीनवरून लिहिणार होतो!

मांजरे, आता बघ. सिनेमा भावांचा आहे असं तूच म्हणतेस ना? मग शम्मी कोण आहे? तोसुद्धा "मोठा भाऊ" म्हणूनच त्या घरात घुसलाय. बाप नसलेलं घर, आई आणि दोन मुली, हा लग्न करून येतो आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. कुटुंबप्रमुख! इकडे सजी, खरा मोठा भाऊ, त्याला कुणी दादा म्हणत नाही, त्याच्याकडे अधिकार नाही, पैसा नाही, मिशीला पीळ नाही. तो जेव्हा भावाला म्हणतो की माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, मला डॉक्टरकडे ने, तेव्हा तो मोठा होतो. एक मोठा भाऊ मदत मागून मोठा होतो आणि दुसरा सगळ्यांना मुठीत ठेवून राक्षस. ह्या दोन रेषा शेवटी एकमेकांना भिडायलाच हव्यात, नाहीतर सिनेमा अर्धा राहिला असता. वेगळा पिच्चर नाहीये तो, त्याच पिच्चरची दुसरी बाजू आहे.

उगाच_आपलं

एवढं सगळं मी जेवताना बघितलं आणि मला फक्त मिशी दिसली. असो.

झोपाळू_मांजर

@माडाचं_पान हे वाचून खरंच हळहळ वाटली. चेट्टनचं मला काहीच कळलं नव्हतं. सबटायटल करणाऱ्यांनी त्या हाका तशाच ठेवायला हरकत काय आहे? चेट्टा असंच लिहा की, दोनदा ऐकलं की कळतं माणसाला. कोरियन सिरियली बघून बघून लोकांना ओप्पा कळतं तर चेट्टा का नाही कळणार.

@तिसरी_घंटा तुमचं म्हणणं पटलं. म्हणजे कागदावर पटलं. तुम्ही हे सांगितल्यावर मी "अरे हो की" म्हणाले, आणि हाच प्रॉब्लेम आहे माझा. एखादं गणित सुटल्यावर जसं होतं तसं झालं. स्क्रिप्ट हुशार आहे, बांधणी हुशार आहे, दोन घरं, दोन मोठे भाऊ, एकाला दार नाही, एकाला खिडकीसुद्धा उघडी चालत नाही. सगळं जुळतं. पण परवा रात्री मी बसले होते तेव्हा माझ्या पोटात काही झालं नाही त्याचं काय करू? जुळणं वेगळं आणि हलणं वेगळं.

आणि शम्मी शेवटी जो वेडाच होऊन जातो ना, तिथे मला फसवल्यासारखं वाटलं. अख्खा सिनेमा तो ओळखीचा होता. असे दाजी, असे काका, असे साहेब आपण बघितलेत. हसून बोलणारे, वाकून बघणारे, पाहुणी कुणाबरोबर बसलीये ह्याच्यावर लक्ष ठेवणारे. तीच तर भीती होती. मग त्याला सायको करून टाकला आणि माझी भीती गेली. सायकोला जाळ्यात पकडता येतं. ओळखीच्या माणसाला कसं पकडणार?

गोधडी

शेवटच्या दोन वाक्यांसाठी टाळ्या.

तिसरी_घंटा

हे मात्र कबूल. तो कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो तिथपर्यंत अंगावर काटा, त्यानंतर थोडा सर्कस झालाय. मलाही ते पहिल्यांदा खटकलं होतं पण मी स्वतःला समजावलं की हा शेवटी थेटरात चालायचा सिनेमा आहे, फेस्टिव्हलचा नाही. लोकांना शम्मी हरलेला बघायचाच होता. केरळ सरकारचा लोकप्रिय आणि कलात्मक सिनेमाचा पुरस्कार ह्यालाच मिळाला, म्हणजे दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे होते त्यांना आणि बऱ्यापैकी ठेवलेत.

पाणकोंबडी

मला चर्चा वाचून मजा येतेय पण कोणी त्या निळ्या पाण्याबद्दल का बोलत नाहीये? बॉनी आणि नायला रात्री पाण्यात हात घालतात आणि पाणी चमकतं. मला वाटलं कॉम्प्युटरवर केलंय. पण तसं पाणी खरंच दिसतं म्हणे तिथे.

माडाचं_पान

हो दिसतं खरंच. कवरु म्हणतात त्याला. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की चमकतात, म्हणून हात फिरवला की उजेड. उन्हाळ्यात पाऊस नसताना, खारट पाण्यात जास्त दिसतं. सिनेमानंतर ते बघायला गर्दी व्हायला लागली, वहिनी सांगत होती. गाव तसं पर्यटनासाठी आधीपासून प्रसिद्ध आहे, म्हणून तर बेबीच्या घरी होमस्टे दाखवलाय आणि नायला तिथे उतरते. ते उगीच घातलेलं नाही.

पाणकोंबडी

थँक्यू! मला तो एकच सीन लक्षात आहे, आणि चेरातुकल गाणं. बाकी मी पण मांजरीच्या पार्टीत.

झोपाळू_मांजर

पार्टी वाढतेय 😄

पण बघा, बॉनी. चमकणारं पाणी मिळालं त्याला, एक परदेशी मैत्रीण मिळाली, आणि काय मिळालं? तो ह्या भावांपासून लांब का राहतो, त्याला बोलता येत नाही तर लहानपणी ह्या घरात त्याचं कसं झालं, काही नाही. श्रीनाथ भासीचे डोळे इतके बोलके आहेत की दिग्दर्शकाने म्हटलं असेल, चला, डोळ्यांवर भागवू. फ्रँकीचंही तेच. तोच आपल्याला त्या घरात घेऊन जातो, त्याच्या लाजेपासून सिनेमा सुरू होतो, आणि मग मधेच त्याला बाजूला ठेवला. मी शेवटपर्यंत वाट बघत होते की हा आता मित्रांना घरी आणेल. एवढं छोटंसं. कांजिण्यांची थाप मारणारा पोरगा एक दिवस म्हणतो, चला रे घरी. मला नुसतं तेवढं दाखवलं असतं तर मी रडले असते, आईशप्पथ.

गोधडी

हा सीन तू लिही गं, आम्ही बघू.

पक्कड

दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच. लांबेल, माफ करा, मी असा लिहिणारा माणूस नाही.

मला सिनेमातलं टेक्निकल कळत नाही. आम्ही दोघं भाऊ. मी धाकटा. मधे आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, कारण काय ते सांगत नाही कारण आता सांगायला गेलो तर मलाच ते नीट आठवत नाही, पैशाचं होतं थोडं आणि थोडं एका वाक्याचं होतं जे त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालं. आई मधे होती तोवर निरोप तिच्यामार्फत. ती गेल्यावर तेही नाही. घरातले सगळे म्हणायचे बसा एकदा समोरासमोर, बोला, मोकळे व्हा. आम्ही एकदा बसलो पण. पाऊण तास बसलो. दोघंही टीव्हीकडे बघत होतो आणि टीव्ही बंद होता.

मग एक दिवस त्याचा फोन, इतक्या दिवसांनी, आणि फोनवर काय तर "गाडी बंद पडलीय, येतोस का". बस. मी गेलो. तो आत बसून स्टिअरिंग धरून, मी मागून ढकलतोय, मग मी आत आणि तो मागून. असा एक-दीड किलोमीटर. मधे दम खायला थांबलो की गाडीबद्दल बोलणं, बॅटरी असेल, नाही रे पंप असेल. त्या दिवसापासून आम्ही बोलतो. सॉरी त्यानेही म्हटलं नाही, मीही नाही. त्या वाक्याबद्दल आजतागायत एक शब्द नाही.

म्हणून मला हा सिनेमा बघताना तुमच्यासारखा प्रश्नच पडला नाही, की भावांचं कधी मिटलं. बॉबीचं लग्न जमवायला सजी जातो ना बोलायला, तिथेच मिटलं. ज्या भावाबरोबर सुरुवातीला लाथाबुक्क्या, त्याच्यासाठी हा माणूस त्या मिशीवाल्यासमोर जाऊन उभा राहतो आणि अपमान ऐकून घेतो. आणि ते आईला आणायला जातात ती वेळ. ती येत नाही. परत येताना त्यांच्याकडे बघा, एकमेकांवर ओरडत नाहीत. आधी असते तर ओरडले असते. बाकी मला स्लो वगैरे वाटला नाही, मला तर वाटलं फार लवकर मिटलं त्यांचं, आम्हाला दोन वर्षं लागली.

गोधडी

काय लिहिलंयत पक्कड. टीव्ही बंद होता हे वाचून हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.

तिसरी_घंटा

माझ्या चार पोस्टी एका बाजूला आणि ही एक.

माडाचं_पान

तुम्ही असे लिहिणारे नाही म्हणता? मग आम्ही कोण?

झोपाळू_मांजर

पक्कड, तुमचं सकाळीच वाचलं, लगेच उत्तर द्यायचं मन झालं नाही. रात्री ते आईकडे जातात तो भाग परत लावून बघितला, फक्त तेवढाच. आणि सजी डॉक्टरकडे जातो तो.

आईचा भाग: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पहिल्या वेळी मी फक्त आईकडे बघत होते, की ही बाई एवढी कोरडी कशी, आणि भावांकडे माझं लक्षच नव्हतं. ह्या वेळी भावांकडे बघितलं. बरं वाटलं बघून. माझी चूक.

डॉक्टरचा सीन अजूनही तिथेच आहे माझ्यासाठी. सौबिन शाहिरने तो जीव ओतून केलाय, डॉक्टरला बिलगून रडतो, त्याचा शर्ट भिजवतो, मोठा बाप्या लहान पोरासारखा. ते बघताना घशात काहीतरी येतं हे खरंय. पण ते एकदा रडला आणि मोकळा झाला असं होतं का? ज्याच्यामुळे आपला जिवाभावाचा मित्र गेला तो माणूस एका भेटीत सुटतो? सिनेमा पुरुषाने रडावं, डॉक्टरकडे जावं हे सांगतोय आणि ते फार चांगलं आहे, मोठ्या हिरोंच्या सिनेमात हे कोण दाखवतं. पण सांगायचं आहे म्हणून त्याला घाई झाली असं मला वाटलं.

आता मुद्द्याचं. तुमची गाडी बंद पडली त्यात कुणी व्हिलन नव्हता. कुणी कुणाला बांधून ठेवलं नव्हतं. तुम्ही आणि तुमचे दादा, एक गाडी, आणि बॅटरी की पंप. मला तो सिनेमा बघायचा होता हो. मी परवा रात्री त्याच्यासाठी बसले होते. ह्या लोकांनी गाडी बंद पाडली, तुम्हाला ढकलायलाही लावली, आणि मग अचानक समोरून एक वेडा कुऱ्हाड घेऊन आला असं दाखवलं, कारण त्यांना वाटलं नुसती गाडी ढकलणं कोण बघणार.

तिसरी_घंटा

शम्मीकडे कुऱ्हाड नव्हती पण 😄

आणि तू खरंच बघशील? दोन माणसं गाडी ढकलतायत, सव्वादोन तास, मधे मधे दम खातायत?

झोपाळू_मांजर

शायजू खालिदचा कॅमेरा असेल तर तीन तास.

उगाच_आपलं

मी जोजी बघायला घेतोय आज. ह्याच लेखकाचा, फहादच, त्यात पण भाऊ आहेत म्हणे. स्लो आहे का?

तिसरी_घंटा

स्लो आहे, पण त्यात कुणी कुणाशी समेट करत नाही त्यामुळे मांजरीची ती तक्रार तरी येणार नाही. मॅकबेथवरून घेतलाय. २०२१ चा, थेट ओटीटीवर आलेला. भाऊ तिघं आहेत आणि बाप जिवंत आहे, तोच सगळा घोळ. जेवताना बघू नकोस.

पाणकोंबडी

मांजरे, पण मग एकूण किती देशील? पाचपैकी?

झोपाळू_मांजर

परवा विचारलं असतंस तर अडीच. आता तीन. वरचा अर्धा मार्क सिनेमाचा नाही, पक्कड आणि माडाचं_पान ह्यांचा आहे, आणि तो मी सिनेमाला देणार नाही असं आधी ठरवलं होतं, पण आता कुठे परत घेत बसू.

पण हाईप करणाऱ्यांनो, प्लीज कुणाला सांगताना "आयुष्य बदलून जाईल" असं सांगू नका रे. "चार भाऊ आहेत, एक घर आहे, पाणी छान दिसतं, फहाद घाबरवतो" एवढंच सांगा. मला एवढंच सांगितलं असतं तर कदाचित मीच आज इथे तिसरी_घंटाच्या बाजूने भांडत असते.

पक्कड

एक राहिलं सांगायचं. ती गाडी शेवटी चालू झालीच नाही. टो करून न्यावी लागली. बॅटरी नव्हती, पंप होता. म्हणजे माझं बरोबर होतं, पण दादा अजून म्हणतो की पंप त्यानेच आधी सांगितला होता.